इंटरप्रिटरमध्ये पूर्णांक मेमरीत कसे ठेवायचे: टॅग, ओव्हरफ्लो आणि बिगनम

स्वतःची छोटी भाषा लिहिणाऱ्यांचा इंटरप्रिटर बहुधा एकाच ठिकाणी अडखळतो. ४६११६८६०१८४२७३८७९०३ मध्ये १ मिळवला की उत्तर येतं −४६११६८६०१८४२७३८७९०४. बेरीज लिहिणाऱ्याने ओव्हरफ्लो, म्हणजे उत्तर ठरलेल्या बिटांत न मावणं, तपासलेला असतो, तरीही हे घडतं. कारण तपासणी चुकीच्या जागी असते, आणि ती तिथे जाते कारण कामाचा क्रम उलटा झालेला असतो. आधी बिटांची गंमत, मग चार क्रिया, आणि सगळं चालायला लागल्यावर मोठ्या संख्यांचा विचार.

खालचा क्रम ६४ बिट यंत्र, सी भाषा आणि डायनॅमिक टाइपिंगची भाषा धरून लिहिला आहे, म्हणजे एकाच चलात कधी पूर्णांक, कधी स्ट्रिंग, तर कधी यादी असू शकते. रस्ट किंवा झिगमध्ये लिहीत असाल तर नावं बदलतील, टप्पे तेच राहतील.

## तयारी: कोड लिहिण्याआधी तीन निर्णय

संख्या मावली नाही तर काय करायचं? ओकॅमल आणि लुआमध्ये संख्या गुपचूप गुंडाळली जाते, म्हणजे टोक ओलांडलं की दुसऱ्या टोकाला जाते. स्विफ्ट प्रोग्राम थांबवते. रूबी आणि पायथन मोठ्या संख्येकडे वळतात. तिन्ही निवडी चालतात, पण अर्धवट मिश्रण चालत नाही. इथे तिसरी निवड धरली आहे, कारण सर्वाधिक चुका तिच्यातच होतात.

ऋण भागाकार कसा? −७ भागिले २ हे सी मध्ये −३ आणि बाकी −१. पायथन आणि रूबीमध्ये −४ आणि बाकी १. हे आज कागदावर लिहून ठेवा. नंतर बदललं तर वापरणाऱ्यांचे प्रोग्राम मोडतात.

१ आणि १.० समान आहेत का? ‘हो’ म्हणालात तर हॅशचं, म्हणजे डिक्शनरीत नोंद शोधायला लागणारा आकडा काढण्याचं, कामही अंगावर घेतलंत. ते सहाव्या टप्प्यात येईल.

आता मांडणी निवडा. प्रत्यक्ष वापरात चार प्रकार दिसतात.

सीपायथनमध्ये, म्हणजे पायथनच्या नेहमीच्या इंटरप्रिटरमध्ये, प्रत्येक पूर्णांक हीपवरची (प्रोग्राम चालताना मागून घेतलेल्या मेमरीतली) स्वतंत्र वस्तू असते. ६४ बिट यंत्रावर साध्या १ या संख्येलाही २८ बाइट लागतात, म्हणून −५ ते २५६ एवढ्या संख्या आधीच तयार करून ठेवण्याची पद्धत तिथे रुळली. लिहायला हा सर्वांत सोपा आणि चालायला सर्वांत जड प्रकार.

लुआमध्ये व्हॅल्यूशेजारी प्रकाराचा वेगळा टॅग असतो. ८ बाइट मजकूर, टॅगचा एक बाइट आणि अलाइनमेंटसाठी, म्हणजे पत्ता ठरावीक पटीत बसावा म्हणून, सोडलेली रिकामी जागा मिळून १६ बाइट होतात. मेमरी दुप्पट जाते, पण पूर्ण ६४ बिट पूर्णांक मिळतो. पहिलाच इंटरप्रिटर असेल तर हा प्रकार घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

रूबी, ओकॅमल आणि व्ही८ (क्रोममधलं जावास्क्रिप्ट इंजिन) एकाच शब्दातला, म्हणजे यंत्राच्या ६४ बिटांच्या एका घरातला, खालचा बिट टॅग म्हणून वापरतात.

स्पायडरमंकी आणि जावास्क्रिप्टकोअर ही जावास्क्रिप्ट इंजिनं नॅन-बॉक्सिंग वापरतात. दशांश संख्येच्या ‘संख्या नाही’ या अवस्थेत जे बिट वाया जातात, त्यांत पॉइंटर किंवा ३२ बिट पूर्णांक कोंबायचा. दशांश गणित भरपूर असेल तर हे फायद्याचं. मात्र यात पॉइंटरचे वरचे बिट रिकामे आहेत असं गृहीत धरलेलं असतं, आणि अँड्रॉइड ११ पासून एआरएम६४ वर हीप पॉइंटरच्या सर्वांत वरच्या बाइटमध्ये टॅग येऊ शकतो.

पुढचे टप्पे तिसऱ्या प्रकाराचे, म्हणजे खालच्या बिटाच्या टॅगचे आहेत.

## टप्पा १: शब्दाची मांडणी पक्की करा

हीपवरच्या वस्तू ८ च्या पटीतल्या पत्त्यांवर बसवल्या की पॉइंटरचे खालचे तीन बिट कायम शून्य राहतात. सगळी युक्ती त्यावर उभी आहे:

- शेवटचा बिट १ असेल तर पूर्णांक. उरलेले ६३ बिट संख्येचे.
- शेवटचे तीन बिट ००० असतील तर पॉइंटर.
- ०१०, १००, ११० हे तीन नमुने निल, खरं-खोटं आणि अक्षरांसाठी राखीव.

पूर्णांकाला टॅग ० देऊन पॉइंटरला १ देता येतो. व्ही८ तसंच करतं. त्यात बेरीज एका क्रियेने स्वस्त होते. पण पॉइंटर डीबगरमध्ये सरळ वाचता येत नाही, आणि शून्याने भरलेली मेमरी ‘पूर्णांक ०’ म्हणून बिनबोभाट खपून जाते. किंमत भरायला विसरलेला चल सापडता सापडत नाही. पहिल्या वेळी पूर्णांकाला १ द्या.

पट्टा आता ठरला: −२^६२ ते २^६२ − १. या पट्ट्यातल्या पूर्णांकाला पुढे फिक्सनम म्हटलं आहे, आणि पट्ट्याबाहेरच्या, हीपवर ठेवलेल्या पूर्णांकाला बिगनम.

इशारा: ६४ बिट लिनक्सवर ग्लिबसीचं मॅलॉक (मेमरी मागायचं सी चं फंक्शन) १६ च्या पटीतला पत्ता देतं, त्यामुळे चाचणीत सगळं सुरळीत दिसतं. घोळ होतो तो स्थिर वस्तूंमध्ये, स्वतः लिहिलेल्या अरीना ॲलोकेटरमध्ये (मोठा तुकडा घेऊन त्यातून जागा वाटणाऱ्या कोडमध्ये) आणि बाइटच्या ॲरेतून कापून घेतलेल्या जागेत. तिथे पत्ता विषम आला की पॉइंटर पूर्णांक म्हणून वावरू लागतो. वस्तूच्या स्ट्रक्चरलाच ८ ची अलाइनमेंट जाहीर करा, आणि ॲलोकेटरच्या शेवटी ‘खालचे तीन बिट शून्य’ असा असर्ट, म्हणजे खोटं ठरल्यास प्रोग्राम थांबवणारी तपासणी, ठेवा.

## टप्पा २: बांधणं आणि सोडवणं

न ही संख्या बांधायची म्हणजे २न + १ हा शब्द तयार करायचा. ० चा १ होतो, ५ चा ११, −५ चा −९. −१ चा −१ च राहतो, म्हणजे सगळे बिट १. रूबीत ५ ची ऑब्जेक्ट आयडी विचारली तर ११ मिळते, ती याच सूत्राने.

सी मध्ये ऋण संख्या डावीकडे सरकवणं अपरिभाषित आहे, म्हणजे काय होईल याची मानक हमी देत नाही. म्हणून आधी संख्या चिन्हरहित प्रकारात घ्या, मग सरकवा, मग १ लावा. सोडवताना उलट: शब्द चिन्हसहित प्रकारात घेऊन एक घर उजवीकडे. हे सरकवणं चिन्ह राखेलच असं सी चं मानक सांगत नाही, पण जीसीसी, क्लँग आणि मायक्रोसॉफ्टचा कंपायलर तिन्ही चिन्ह राखतात.

तपासणी: −१ बांधा, सोडवा, छापा. ९२२३३७२०३६८५४७७५८०७ छापलं गेलं तर उजवीकडचं सरकवणं चिन्हरहित प्रकारात झालंय.

या टप्प्यावर चुकांची लक्षणं ओळखायला शिकलात तर पुढचे कितीतरी तास वाचतात:

- उत्तर २न + १ दिसतंय: सोडवायचं राहिलं. ७ च्या जागी १५.
- उत्तर ४न + ३ दिसतंय: दोनदा बांधलं. ७ च्या जागी ३१.
- विषम पत्त्यावर प्रोग्राम कोसळला: टॅग न बघता पॉइंटर समजून वाचलं.
- १६ सारख्या अगदी छोट्या सम पत्त्यावर कोसळला: दोन बांधलेले शब्द तसेच मिळवले. ३ चा शब्द ७, ४ चा ९, बेरीज १६. शेवटचा बिट शून्य, म्हणजे हा ‘पॉइंटर’ झाला.

आणखी एक चूक आहे, ती कोसळतही नाही. बांधलेलं शून्य सी च्या नजरेत १ असतं, म्हणून सी च्या अटीत ते थेट टाकलं तर नेहमी खरं ठरतं. व्हॅल्यूचा प्रकार नुसता पूर्णांक न ठेवता एका घराच्या स्ट्रक्चरमध्ये गुंडाळला, की अशा ओळी कंपायलरच नाकारतो. वेगात फरक पडत नाही.

## टप्पा ३: चार क्रियांच्या आधी बिगनमचा सांगाडा

इथेच बहुतेक जण पुढे उडी मारतात. मारू नका. पट्ट्याबाहेरची संख्या कुठे जाणार हे ठरल्याशिवाय बेरीज लिहिली, तर त्या जागी ‘नंतर बघू’ अशी टिप्पणी येते आणि ती तिथेच मुक्काम करते.

बिगनमला एवढंच लागतं: वस्तूचं शीर्ष, चिन्ह, अंकांची संख्या आणि अंकांचा ॲरे, सर्वांत लहान स्थानाचा अंक आधी. एकेक ‘अंक’ ३२ बिटांचा चिन्हरहित घ्या, आकडेमोड ६४ बिटांत करा. गुणाकाराच्या आतल्या पायरीत दोन अंकांचा गुणाकार, त्यात आधीचा अंक आणि हातचा मिळतो. सगळे सर्वांत मोठे धरले तरी (२^३२ − १)² + २(२^३२ − १) = २^६४ − १. काठोकाठ, पण मावतं. सीपायथन ३२ बिटांच्या घरात ३० च बिट वापरतं. त्यामुळे थोडी सैल जागा उरते आणि चिन्हसहित प्रकारही चालून जातात.

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा नियम: एका संख्येचं मेमरीत एकच रूप. जी संख्या फिक्सनमच्या पट्ट्यात मावते ती कधीही बिगनम म्हणून राहता कामा नये. त्यासाठी एकच फंक्शन लिहा, त्याला ‘आटोप’ म्हणा हवं तर, आणि प्रत्येक बिगनम क्रियेचं उत्तर त्यातूनच बाहेर सोडा:

१. वरच्या स्थानांचे शून्य अंक काढून टाका.
२. एकही अंक उरला नाही तर फिक्सनम ० परत करा. चिन्ह काहीही असो, ऋण शून्य इथे नको.
३. दोन किंवा कमी अंक उरले तर चिन्हाशिवायची किंमत काढा.
४. धन असेल आणि किंमत २^६२ − १ पर्यंत असेल तर फिक्सनम.
५. ऋण असेल आणि किंमत २^६२ पर्यंत असेल तर फिक्सनम.

चौथी आणि पाचवी पायरी एकसारखी नाही, आणि चूक तिथेच होते. ऋण बाजूला एक संख्या जास्त आहे. दोन्हीकडे २^६२ − १ ठेवलं तर −२^६२ ला दोन रूपं मिळतात: वजाबाकीतून आलेली फिक्सनम, बिगनममधून परतलेली बिगनम. छापल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, पण डिक्शनरीत एकीने ठेवलेली नोंद दुसरीला सापडत नाही.

तपासणी: २^७० मधून २^७० − ५ वजा करा. उत्तराच्या शब्दाचा शेवटचा बिट १ आहे ना, ते पाहा. नुसतं ५ छापलं गेलं म्हणून समाधान मानू नका.

## टप्पा ४: बेरीज आणि वजाबाकी

आता सुरुवातीची चूक उलगडता येईल. साधारणपणे लिहिलं जातं असं: दोन्ही शब्द सोडवा, ६४ बिटांत मिळवा, ओव्हरफ्लो झाला का विचारा, नसेल तर बांधा. पण दोन ६३ बिट संख्यांची बेरीज ६४ बिटांत *नेहमीच* मावते. ओव्हरफ्लोची तपासणी कधीच पेटत नाही. २^६२ हे उत्तर सुखरूप तयार होतं आणि बांधताना डावीकडे सरकताच त्याचा सर्वांत वरचा बिट चिन्ह बनतो. म्हणून −२^६२.

तपासणी बांधलेल्या रूपावरच करा. क = २म + १ आणि ख = २न + १ असे दोन शब्द असतील तर:

- बेरीज: (क − १) + ख. उत्तर २(म + न) + १, टॅगसकट तयार.
- वजाबाकी: (क − ख), मग शेवटचा बिट १ करा.

क विषम असल्यामुळे क − १ कधीच टोक ओलांडत नाही. वजाबाकीत क − ख सम येतं, म्हणून शेवटी बिट लावतानाही धोका नाही. उरते एकच क्रिया, आणि तिचा ६४ बिट ओव्हरफ्लो म्हणजे बरोबर फिक्सनमच्या पट्ट्याबाहेर जाणं. वेगळी सीमा तपासावी लागत नाही. खालच्या बिटाच्या टॅगचं खरं देखणेपण इथे आहे.

ओव्हरफ्लो विचारण्यासाठी जीसीसी आणि क्लँगमधलं __बिल्टिन_ॲड_ओव्हरफ्लो आणि त्याची वजाबाकी-गुणाकाराची भावंडं वापरा. ‘बेरीज पहिल्या संख्येपेक्षा लहान आली का’ ही जुनी युक्ती चिन्हसहित संख्यांवर वापरू नका. सी मध्ये चिन्हसहित ओव्हरफ्लो अपरिभाषित असल्यामुळे कंपायलर ती अटच काढून टाकू शकतो, आणि बऱ्याचदा तो ऑप्टिमायझेशन लावल्यावरच तसं करतो. डीबग बिल्डमध्ये सगळं ठीक, रिलीजमध्ये चूक.

ओव्हरफ्लो झाला तर दोन्ही संख्या सोडवून ६४ बिटांत मिळवा, ती बेरीज नक्की मावते, आणि तिचा बिगनम बनवा. ऋण संख्येची चिन्हाशिवायची किंमत काढताना चिन्हसहित प्रकारात उलटं करू नका. चिन्हरहित प्रकारात शून्यातून वजा करा, म्हणजे टोकाची संख्याही सुटते.

इशारा: आजपर्यंत बेरीज मेमरी मागत नव्हती. आता मागू शकते, आणि मेमरी मागणं म्हणजे गार्बेज कलेक्टरला (वापरात नसलेली मेमरी परत घेणाऱ्या भागाला) आमंत्रण. दोन बिगनम हातात असताना उत्तराची जागा मागितली आणि कलेक्टर धावला, तर हातातलेच दोन्ही नाहीसे किंवा दुसरीकडे हलवलेले असू शकतात. जागा मागण्यापूर्वी दोन्ही मुळांच्या यादीत, म्हणजे कलेक्टरने हात लावू नये अशा व्हॅल्यूंच्या किंवा हलवल्यास पत्ता बदलून द्यावा अशा व्हॅल्यूंच्या यादीत, नोंदवा. त्याआधी लिहिलेल्या ज्या कोडने ‘बेरजेत कलेक्टर येत नाही’ असं गृहीत धरलं आहे, तोही शोधून काढा.

## टप्पा ५: गुणाकार, भागाकार, सरकवणं

गुणाकार. एकच बाजू सोडवा: (क − १) × (ख सोडवून) + १. उत्तर २(म × न) + १. दोन्ही बाजू सोडवल्या तर बेरजेसारखीच फसगत: म × न ६४ बिटांत मावेल, फिक्सनममध्ये नाही. दोन्हींतून नुसता १ वजा केला तर ४(म × न) मिळतं. चाचणीला २१४७४८३६४८ चा वर्ग घ्या. २१४७४८३६४८ म्हणजे २^३१, वर्ग २^६२, पट्ट्याबाहेर अगदी एका पावलावर.

भागाकार. दोन गोष्टी आधी तपासा. भाजक शून्य आहे का, आणि −२^६२ भागिले −१ आहे का. दुसऱ्याचं उत्तर २^६२, म्हणजे बिगनम. लुआसारखा पूर्ण ६४ बिट पूर्णांक घेतला असेल तर हेच प्रकरण जास्त विखारी आहे. −२^६३ भागिले −१ केलं की एक्स८६ प्रोसेसर थेट अपवाद उठवतो आणि लिनक्सवर प्रोग्राम ‘फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन’ म्हणून मरतो. दशांश संख्या कुठेच नसताना हा संदेश पाहून माणूस चक्रावतो.

तळाकडे झुकणारा भागाकार निवडला असेल तर सी चं उत्तर दुरुस्त करा: बाकी शून्य नाही आणि बाकीचं चिन्ह भाजकाच्या चिन्हापेक्षा वेगळं आहे, तर भागाकारातून १ वजा करा आणि बाकीत भाजक मिळवा. ७ आणि −७, २ आणि −२ यांच्या चारही जोड्या चालवून पाहा. हेच बिगनमच्या भागाकारातही हवं. फिक्सनमला तळाकडे आणि बिगनमला शून्याकडे झुकवणारे इंटरप्रिटर निघतात, आणि ती चूक २^६२ च्या अलीकडे कधीच दिसत नाही.

सरकवणं. ६४ किंवा जास्त घरं सरकवणं सी मध्ये अपरिभाषित आहे. एक्स८६-६४ सरकवण्याच्या आकड्याचे खालचे सहाच बिट बघतो, म्हणून १ ला ६४ घरं डावीकडे सरकवल्यावर १ च मिळू शकतो. फिक्सनम उजवीकडे ६२ पेक्षा जास्त घरं सरकवायचा असेल तर थेट ० किंवा −१ परत करा. डावीकडे सरकवताना घरांच्या संख्येवर मर्यादा घाला. नाहीतर १ ला हजार कोटी घरं सरकवणारी एक ओळ सव्वा जीबी मेमरी मागेल.

बिटांच्या क्रिया. ‘आणि’ व ‘किंवा’ बांधलेल्या शब्दांवर तशाच चालतात, टॅग टिकतो. ‘एक्सऑर’मध्ये १ आणि १ मिळून ० होतो, म्हणून शेवटचा बिट पुन्हा लावा. ‘नॉट’नंतरही तसंच. बिगनम चिन्ह आणि किंमत असा वेगळा ठेवला आहे, त्यामुळे ऋण बिगनमवर या क्रिया करताना आधी टूज कॉम्प्लिमेंट रूप (यंत्र ऋण संख्या ठेवतं ते, सगळे बिट उलटवून १ मिळवलेलं रूप) घडवावं लागतं आणि वरच्या बाजूला अनंत १ आहेत असं समजावं लागतं. काम कंटाळवाणं आहे, त्याला आडवाट नाही.

## टप्पा ६: समानता, हॅश आणि दशांशांशी तुलना

तिसऱ्या टप्प्यातला नियम पाळला असेल तर समानता सोपी: दोन फिक्सनम असतील तर शब्द जुळवा. दोन बिगनम असतील तर चिन्ह, लांबी आणि अंक जुळवा. एक फिक्सनम, एक बिगनम असेल तर न बघता असमान. लहान-मोठं ठरवतानाही दोन बांधलेले शब्द थेट चिन्हसहित तुलनेला टाका, सोडवायची गरज नाही.

‘तीच वस्तू आहे का’ ही तुलना भाषेत उघडी ठेवलीत तर पूर्णांकांसाठी तिला समानतेकडेच वळवा. जावामध्ये १२७ च्या दोन बॉक्स केलेल्या इंटिजरांची तुलना दोन बरोबर चिन्हांनी केली तर खरी ठरते आणि १२८ ची नेहमीच्या सेटिंगमध्ये खोटी, कारण −१२८ ते १२७ च्या वस्तू सामायिक असतात. शिकणाऱ्यांना हे समजावताना शिक्षकांचा घसा कोरडा पडतो.

हॅश म्हणून बांधलेला शब्द तसाच वापरू नका. त्याचा शेवटचा बिट कायम १ असतो. टेबलाचा आकार दोनाच्या घातात असेल तर सम क्रमांकाच्या सगळ्या खणांत कुणीच येणार नाही. निम्मं टेबल रिकामं, निम्म्यात दाटी. आधी सोडवा, मग बिट घुसळा. १ आणि १.० समान मानले असतील तर दोघांचा हॅशही एकच हवा. म्हणून दशांश संख्या पूर्ण असेल तर तिचा पूर्णांकाचाच हॅश काढा.

तुलनेतला सापळा २^५३ च्या पुढे आहे. ९००७१९९२५४७४०९९३ हा पूर्णांक दशांशात नेला की ९००७१९९२५४७४०९९२ होतो. दशांशात नेऊन तुलना केली तर दोन वेगळे पूर्णांक एकाच दशांश संख्येशी समान ठरतात. पायथन ही तुलना अचूक करतं, तुम्हीही करा: दशांश संख्या पूर्ण आणि पट्ट्यात असेल तर तिलाच पूर्णांकात न्या.

इशारा: पट्ट्याबाहेरची दशांश संख्या सी मध्ये पूर्णांकात टाकणं अपरिभाषित आहे, म्हणून आधी सीमा तपासा. तीही अशी: −२^६२ किंवा जास्त, आणि २^६२ पेक्षा *काटेकोरपणे कमी*. ‘२^६२ − १ किंवा कमी’ लिहिलंत तर ती सीमा दशांशात मावत नाही, गोल होऊन २^६२ बनते आणि नको ती संख्या आत घेते. अनंत आणि नॅन यांना आधीच दारात अडवा.

## टप्पा ७: स्रोतातून वाचणं आणि छापणं

अंक वाचताना ‘आतापर्यंतची संख्या गुणिले दहा, अधिक नवा अंक’ या दोन्ही पायऱ्यांवर ओव्हरफ्लो विचारा आणि झाला की बिगनमकडे वळा. मजकुरातून संख्या काढणारं सी चं तयार स्ट्रटॉल वापरलंत तर ते मोठ्या संख्येला गुपचूप कमाल किमतीवर आणून ठेवतं. खूण फक्त एररनो या चूक नोंदवणाऱ्या चलात उमटते आणि ती बघायला कुणाला आठवत नाही.

−४६११६८६०१८४२७३८७९०४ लिहिलं की पार्सर आधी धन संख्या वाचतो. ती पट्ट्याबाहेर, म्हणून बिगनम. मग उणे चिन्ह लागतं आणि ती पट्ट्यात परत येते. उणे करणारं फंक्शन ‘आटोप’मधून जात नसेल तर इथे दुसरं रूप जन्माला आलं.

६४ बिट संख्या छापायला २१ बाइट हवेत: चिन्ह, १९ अंक आणि शेवटचा शून्य. बिगनम छापताना १० ऐवजी १०^९ ने भागत जा, एका फेरीत नऊ अंक मिळतात. सर्वांत वरचा गट सोडून बाकी प्रत्येक गट डावीकडे शून्यं भरून नऊ अंकी करा. ते विसरलं तर १०^२७ छापताना ‘१०००’ दिसतं. ही पद्धत अंकांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वेळ खाते. सीपायथनने ३.११ पासून दशमान रूपांतरावर ४३०० अंकांची मर्यादा घातली ती याच कारणाने. बाहेरचा मजकूर संख्या म्हणून वाचणार असाल तर तुम्हालाही मर्यादा लागेल.

## टप्पा ८: गार्बेज कलेक्टर

इथे मोजकंच काम आहे. वापरातल्या वस्तूंवर खूण करणाऱ्या फंक्शनची पहिली ओळ टॅगची तपासणी. बिगनमच्या पोटातले अंक म्हणजे व्हॅल्यू नव्हेत, कलेक्टरने ते पॉइंटर समजून चाळू नयेत. त्या अंकांपैकी दोन मिळून शेवटी तीन शून्य बिट असलेला शब्द बनू शकतो आणि कलेक्टर त्यामागे भरकटतो. दर जागा-मागणीला कलेक्टर चालवणारा एक डीबग मोड ठेवा आणि पुढच्या सगळ्या चाचण्या त्यातच चालवा.

## टप्पा ९: सीमेवरच्या चाचण्या

हे आकडे घ्या: ०, १, −१, २^३१, २^३२, २^५३, २^५३ + १, २^६२ − १, २^६२, −२^६२, −२^६२ − १, २^६३, २^६४. प्रत्येकाची प्रत्येकाशी सगळ्या क्रियांत जोडी लावा आणि उत्तरं पायथनशी ताडून पाहा. पायथनचा पूर्णांक भागाकार आणि बाकी तळाकडे झुकतात एवढं लक्षात ठेवा.

उत्तराबरोबर रूपही तपासा: पट्ट्यात असेल तर शेवटचा बिट १ च हवा. शिवाय (क + ख) − ख पुन्हा क येतो का, आणि तो डिक्शनरीत सापडतो का. बिल्ड अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझर (अपरिभाषित क्रिया चालताना पकडणारी कंपायलरची सोय) लावून करा, आणि ऑप्टिमायझेशनसह व त्याशिवाय, दोन्ही चालवा.

## टप्पा १०: दुसऱ्या यंत्रावर नेताना

६४ बिट विंडोजवर सी चा लाँग ३२ बिटांचाच असतो. व्हॅल्यूसाठी लाँग वापरला असेल तर पॉइंटर अर्धा कापला जातो. पॉइंटरच्या रुंदीचा इंटपीटीआर_टी वापरा, आणि ‘१ ला ६२ घरं सरकव’ लिहिताना तो १ सुद्धा त्याच प्रकारचा ठेवा. नुसता १ हा ३२ बिटांचा असतो.

३२ बिट यंत्रावर आणि ३२ बिट वेबअसेंब्लीत फिक्सनम ३१ बिटांचा होतो, कमाल १०७३७४१८२३. हिशेब पैशांत ठेवणारा प्रोग्राम एक कोटी सात लाख रुपयांच्या पुढे बिगनममध्ये शिरतो. भारतातला कुठलाही दहा अंकी मोबाइल क्रमांक आणि आजची युनिक्स वेळही तिथे मावत नाहीत. म्हणजे ६४ बिटांवर वर्षभर न चाललेली बिगनमची वाट इथे पहिल्याच मिनिटाला चालते, आणि सीमेचे आकडे कोडमध्ये ६२ असे ठोकून लिहिले असतील तर लगेच उघडे पडतात. ते शब्दाच्या रुंदीवरून काढा.

बांधलेला शब्द फाइलमध्ये किंवा नेटवर्कवर कधीही लिहू नका. बाइटकोड साठवताना खरी संख्या ठरावीक रुंदीत लिहा, आणि वाचताना ती नेहमीच्या ‘संख्येवरून व्हॅल्यू बनव’ या फंक्शनमधूनच आत घ्या. ६४ बिट यंत्रावर फिक्सनम असलेली स्थिर संख्या ३२ बिट यंत्रावर उघडताना बिगनम व्हायला हवी, आणि तो निर्णय त्या फंक्शनशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात नको.